आकड्यांचा डॉक्टर

निकालाच्या दिवशी टीव्हीवर हिंदी सिनेमा लागायचा, हे आपल्या पिढीतल्या कुणाला सांगितलं तर तो तोंडाकडे बघत राहील. पण खरंच लागायचा. मतपत्रिका होत्या, हाताने मोजणी व्हायची, दोन-तीन दिवस सहज जायचे. एवढा वेळ दाखवणार काय? म्हणून दूरदर्शन मध्ये मध्ये सिनेमा लावायचं आणि पुढचे आकडे आले की तो तोडून स्टुडिओत जायचं. आमच्या बाबांना १९८९ च्या निवडणुकीत कोण कुठून पडलं ते फारसं आठवत नाही, पण सिनेमा ऐन रंगात असताना तोडला होता ते पक्कं आठवतं! आणि दुसरं आठवतो तो स्टुडिओत बसलेला दाढीवाला माणूस. हळू आवाजात, शुद्ध साहेबी इंग्रजीत, आकडे सांगणारा. शेजारी तेच सगळं खुसखुशीत हिंदीत सांगणारे विनोद दुआ. बाबांचं इंग्रजी तेव्हा बेताचंच होतं. "तरी कळायचं रे," असं ते म्हणतात. "तो माणूस घाई करायचा नाही."

तर मंडळी, आजचा विषय प्रणय रॉय.

मला या माणसाबद्दल लिहायचं होतं ते पत्रकार म्हणून कमी आणि आपल्यातला एक म्हणून जास्त. 'आपल्यातला' म्हणजे आकड्यांवर पोट भरणारा. रॉय मुळात पत्रकार नव्हेतच. डून स्कूल, मग लंडन, मग चार्टर्ड अकाउंटंट, मग दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डॉक्टरेट. काही काळ तिथेच शिकवलं, अर्थ मंत्रालयात सल्लागार म्हणूनही काम केलं. खऱ्या पत्रकार त्यांच्या पत्नी राधिका रॉय. हे गृहस्थ पत्रकारितेत आले ते एक्सेल शीटच्या रस्त्याने. (एक्सेल तेव्हा नव्हतं, माहीत आहे. कागदी तक्त्यांच्या रस्त्याने म्हणा.)

सुरुवात झाली १९८० च्या लोकसभा निवडणुकीला. 'इंडिया टुडे'साठी रॉय आणि त्यांचे अर्थशास्त्रज्ञ मित्र अशोक लाहिरी यांनी मतदारांची पाहणी केली आणि इंदिरा गांधी परत येणार असं सांगितलं. त्या आल्या, ३५३ जागा घेऊन. आज आपल्याला पोल म्हणजे गल्लीबोळात मिळणारी वस्तू वाटते, पण तोपर्यंत आपल्याकडे निवडणुकीचा अंदाज म्हणजे बहुतेक वेळा ज्येष्ठ वार्ताहराने जीपमधून चार जिल्हे फिरून, चहाच्या टपरीवर बसून लिहिलेला लेख. त्यात वाईट काही नव्हतं. फक्त तो अंदाज चुकला तर का चुकला हे कुणालाच शोधता यायचं नाही. मोजलेलं असेल तर चूक शोधता येते.

मोजायचं कसं हे शिकवणारा माणूस होता डेव्हिड बटलर. ऑक्सफर्डचा प्राध्यापक. १९५० साली बीबीसीने निवडणूक निकालाचा पहिला टीव्ही कार्यक्रम केला तेव्हा हा पंचविशीचा पोरगा कॅमेऱ्यासमोर बसून आकड्यांचा अर्थ सांगत होता. 'स्विंग' हा शब्द निवडणुकीच्या भाषेत रुजवण्यात त्याचा मोठा हात. म्हणजे गेल्या वेळेपेक्षा किती टक्के मतं इकडून तिकडे झुकली ते. बटलर, लाहिरी आणि रॉय या तिघांनी मिळून भारतीय निवडणुकांच्या आकडेवारीचा जाडजूड ग्रंथ केला, पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या.

पण ब्रिटनचा स्विंग जसाच्या तसा इथे चालेना. तिकडे मुख्य पक्ष दोन. आपल्याकडे एका मतदारसंघात वीस उमेदवार! काँग्रेसची मतं तेवढीच राहिली तरी जागा कधी धो धो यायच्या, कधी कोसळायच्या. मग या लोकांनी एक दुसरा आकडा काढला, विरोधकांच्या ऐक्याचा निर्देशांक. नाव भारदस्त आहे, पण गणित शाळेतलं आहे. बघा हं.

एका मतदारसंघात १०० मतं पडली. सत्ताधारी पक्षाला ४२. उरलेली ५८ विरोधकांची. या ५८ पैकी सगळ्यात मोठ्या विरोधी पक्षाला ४० आणि बाकीच्यांना मिळून १८ पडली, तर निर्देशांक झाला ४० भागिले ५८, म्हणजे ६९. सत्ताधारी ४२ विरुद्ध ४० ने जिंकला. आता तीच ५८ मतं ५० आणि ८ अशी पडली, तर निर्देशांक ८६, आणि सत्ताधारी ८ मतांनी आपटला. सत्ताधाऱ्याचं एकही मत हललेलं नाही! संपलं. एवढंच आहे. मी हे एका रविवारी दहा ओळींच्या पायथॉन कोडमध्ये लिहून पाहिलं, दोन्ही आकडे इकडेतिकडे सरकवत बसलो आणि दुपार कशी गेली ते कळलं नाही.

खरं उदाहरण हवं असेल तर १९८९ आणि १९९१ शेजारी शेजारी ठेवा. १९८९ ला काँग्रेसला साडेएकोणचाळीस टक्के मतं मिळाली आणि जागा १९७. दोनच वर्षांनी मतं ३६ टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे तीन टक्क्यांनी कमी, आणि जागा २३० च्या वर. मतं कमी, जागा जास्त. कारण १९८९ ला जनता दल आणि भाजप यांनी बऱ्याच ठिकाणी एकमेकांसमोर उमेदवार दिले नव्हते, आणि १९९१ पर्यंत मंडल आणि मंदिर यावरून त्यांचं फाटलं होतं. आता राजीव गांधींची हत्या १९९१ च्या मतदानाच्या मधोमध झाली, त्याचा परिणाम नंतरच्या टप्प्यांवर झाला, तेव्हा सगळं श्रेय निर्देशांकाला देता येत नाही. पण कणा तोच.

आणि हे जुनं प्रकरण समजू नका. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांची मतं जवळपास सारखी होती, दोघांची ४३ टक्क्यांच्या आसपास. जागा? ३० आणि १७. सहा महिन्यांत विधानसभेला मतं सरकली आणि महायुती २३० च्या घरात, आघाडी पन्नाशीच्याही आत. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन्ही वेळेला दोन्ही बाजूंचे लोक 'जनतेने सपशेल नाकारलं' असं म्हणत होते. जून महिन्यात तरी जनतेने कुणालाच नाकारलं नव्हतं राव, जनता निम्मी निम्मी होती.

असो. विषयाकडे येतो.

रॉय यांचं मोठेपण हा निर्देशांक काढण्यात नाही, तो तिघांचा होता. मोठेपण आहे ते असलं कोरडं गणित टीव्हीवर, लाइव्ह, कोट्यवधी लोकांना समजेल असं सांगण्यात. आपल्यापैकी ज्यांनी कधी क्लायंटच्या सीईओला एखादा चार्ट समजावून सांगितला आहे त्यांना कळेल हे काय काम आहे ते. तिथे पाच लोक असतात आणि त्यांना इंग्रजी येत असतं, तरी घाम फुटतो.

१९८८ साली रॉय पती-पत्नींची एनडीटीव्ही सुरू झाली आणि दूरदर्शनवर शुक्रवारी रात्री 'द वर्ल्ड धिस वीक' येऊ लागलं. नशीब बघा, कार्यक्रम जागतिक घडामोडींचा आणि पुढच्याच वर्षी बीजिंगचा तिआनानमेन चौक आणि बर्लिनची भिंत! सरकारी वाहिनीवर देशातल्या राजकारणाचं मोकळं वार्तांकन खाजगी कंपनीला करू देणं तेव्हा शक्यच नव्हतं, म्हणून जगाच्या बातम्या. पण त्या सात वर्षांत देशाला सवय लागली की बातम्या सरकारी आवाजात वाचल्या नाहीत तरी चालतात. नंतरचं भराभर सांगतो. १९९५ ला दूरदर्शनवरच रोजच्या बातम्या, १९९८ ला स्टार न्यूज हे चोवीस तासांचं चॅनेल (मालक स्टार, बातम्या एनडीटीव्हीच्या), २००३ ला करार संपला आणि स्वतःची दोन चॅनेलं, एक इंग्रजी, एक हिंदी.

त्या न्यूजरूममधून कोण कोण बाहेर पडलं ही यादी मोठी मजेशीर आहे. राजदीप सरदेसाई, बरखा दत्त, रवीश कुमार. आणि हो, अर्णब गोस्वामीसुद्धा! तेही नव्वदच्या दशकात तिथेच घडले. हळू बोलणाऱ्या गुरुजींच्या वर्गातून सगळ्यात मोठा आवाज निघाला. आपल्या मराठी चॅनेलांची मुळंही त्याच वाड्यात जातात. राजदीपच्या नेटवर्कने लोकमतबरोबर २००८ साली आयबीएन लोकमत काढलं, आणि ज्या स्टार न्यूजसाठी एनडीटीव्हीने पाच वर्षं बातम्या केल्या त्याच घराण्यातून २००७ ला स्टार माझा आलं, जे आज एबीपी माझा आहे.

आता टीका. ती करायलाच हवी, नाहीतर हे पोवाड्यासारखं वाटेल. एनडीटीव्ही हा दिल्लीच्या ठरावीक वर्तुळाचा चॅनेल होता, हे खोटं नाही. साखर कारखान्याची निवडणूक म्हणजे काय आणि तिच्यावर आमदारकी का ठरते, हे त्यांच्या स्टुडिओत कुणाला सांगता आलं असतं असं मला वाटत नाही. २०१३ साली त्यांनी आपला पंचवीस वर्षांचा सोहळा थेट राष्ट्रपती भवनात केला. ज्यांच्यावर बातम्या करायच्या त्यांच्या दिवाणखान्यात वाढदिवस साजरा करू नये, एवढं साधं ते. मला ते तेव्हाही खटकलं होतं, मी कॉलेजात होतो तरी.

आणि अंदाज? चुकले की. २००४ ला 'इंडिया शायनिंग'च्या जमान्यात सगळ्या मोठ्या एक्झिट पोल्सनी वाजपेयी सरकारला पुढे दाखवलं, एनडीटीव्हीनेही. निकाल काय लागला ते सगळ्यांना माहीत आहे. पण मला या माणसाच्या कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा दिवस वेगळाच वाटतो. ८ नोव्हेंबर २०१५, रविवार, बिहार विधानसभेची मतमोजणी.

त्या दिवशी सकाळी सुरुवातीचे कल यायला लागले आणि एनडीटीव्हीवर भाजप आघाडी पुढे दिसू लागली. त्यांच्या एक्झिट पोलनेही तेच म्हटलं होतं, त्यामुळे शंका यायचं कारणच नाही. समोर रॉय, तीस वर्षांचा अनुभव. चर्चा सुरू झाली की भाजप का जिंकला, नितीश-लालू का हरले. आणि मग आकडे फिरायला लागले. फिरले म्हणजे पार उलटे झाले. शेवटी महागठबंधन १७८, भाजप आघाडी ५८.

काय झालं होतं? आकडे पुरवणाऱ्या एजन्सीकडून येणारा सुरुवातीचा डेटाच चुकीचा होता. डोळ्यांसमोर आणा. फीड येतोय, स्क्रीन रंगतेय, चार्ट बनतोय, तज्ज्ञ मान डोलावतायत, आणि मुळात इनपुटच कचरा. आपल्या धंद्यात हे रोज होतं. आणि दुसरी गोष्ट बघा, एक्झिट पोल आणि फीड दोन्ही एकाच दिशेला चुकले म्हणून कुणी थांबून तपासलं नाही. चुकीची गोष्ट आपल्या अपेक्षेप्रमाणे आली की ती बरोबरच वाटते.

त्यानंतर रॉय यांनी जाहीर माफी मागितली. आपल्या नावाने. काय चुकलं, कुठून चुकलं ते सांगितलं.

मी आजवर जितके पोस्टमॉर्टेम रिपोर्ट वाचले आहेत (आणि भरपूर वाचले आहेत, प्रॉडक्शन सपोर्टमध्ये दोन वर्षं काढली आहेत) त्यांची भाषा ठरलेली असते. 'असे निदर्शनास आले की', 'काही कारणांमुळे विलंब झाला'. कर्ता गायब! वाक्यात कुणी माणूसच नसतो. मागे एका प्रोजेक्टवर क्लायंटला चुकीचे आकडे गेले तेव्हा आमच्या वरच्या साहेबांनी मेलमधला 'आम्ही' हा शब्द तीन ठिकाणी खोडून घेतला होता, माझ्यासमोर. आणि इथे ज्याच्या नावावर आख्खा उद्योग उभा आहे तो माणूस सांगतो, आमचं चुकलं. टीव्हीवर चुकण्याची शिक्षा शून्य असते, दुसऱ्या दिवशी लोक विसरतात. गप्प बसले असते तरी चाललं असतं. २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोल्सनी भाजपला प्रचंड बहुमत दिलं आणि प्रत्यक्षात पक्ष २४० वर थांबला, तेव्हा एक पोलस्टर स्टुडिओत रडले, पण बाकीच्या किती जणांनी असं बसून समजावून सांगितलं ते तुम्हीच आठवून बघा.

आता शेवटचा अंक, आणि तो निवडणुकीचा नाही, कंपनी कायद्याचा आहे. आपल्यापैकी शेअर बाजारात हात घालणाऱ्यांनी हा नीट वाचा.

रॉय पती-पत्नींच्या हातात एनडीटीव्हीचे ६१ टक्क्यांच्या वर शेअर होते. त्यातले सुमारे ३२ टक्के दोघांच्या नावावर आणि २९.१८ टक्के त्यांच्या आरआरपीआर होल्डिंग या कंपनीच्या नावावर. नाव म्हणजे दोघांची आद्याक्षरं. २००९ साली या आरआरपीआरने आधीचं बँकेचं कर्ज फेडण्यासाठी विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या एका कंपनीकडून ४०३ कोटी ८५ लाख रुपये घेतले. बिनव्याजी! बिनव्याजी ४०३ कोटी म्हटल्यावर आपल्या आजीनेही विचारलं असतं, बदल्यात काय? बदल्यात वॉरंट. म्हणजे देणाऱ्याला वाटेल तेव्हा कर्जाचं रूपांतर आरआरपीआरच्या जवळजवळ संपूर्ण मालकीत करता येईल, असा हक्क.

तेरा वर्षं काही झालं नाही. २०१७ मध्ये त्या जुन्या बँक कर्जावरून सीबीआयने रॉय यांच्या घरावर छापे घातले (त्या प्रकरणात २०२४ मध्ये सीबीआयनेच तपास बंद करण्याचा अहवाल दिला), पण वॉरंट आपलं झोपलेलं. मग ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने विश्वप्रधान कमर्शियल ही कंपनीच विकत घेतली आणि हक्क वापरला. आम्हाला न विचारता केलं, असं एनडीटीव्हीने म्हटलं. पण २००९ च्या कागदावर सह्या होत्या. एका झटक्यात ६१ चे ३२ झाले. वर नियमाप्रमाणे आणखी २६ टक्क्यांसाठी खुली ऑफर. बाजारभावापेक्षा कमी किमतीला, तरी सुमारे ८ टक्के आले. २९ आणि ८ मिळून ३७. ३७ विरुद्ध ३२. ज्या माणसाने देशाला शिकवलं की ४२ टक्केवाला कसा हरतो, त्याच्या घरी हा हिशेब आला.

२९ नोव्हेंबर २०२२ ला दोघांनी आरआरपीआरच्या संचालकपदाचा राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी रवीश कुमार बाहेर. डिसेंबरमध्ये रॉय यांनी आपल्या ३२ पैकी २७ टक्के शेअर अदानी समूहालाच विकले आणि एनडीटीव्हीचं संचालक मंडळ सोडलं. त्याच नोव्हेंबरात, तीन आठवडे आधी, ऑक्सफर्डचे डेव्हिड बटलर ९८ व्या वर्षी वारले. आणि तिसरे भिडू अशोक लाहिरी तोपर्यंत पश्चिम बंगालात भाजपचे आमदार झाले होते, २०२१ साली. एकाच पुस्तकाचे तीन लेखक!

याला कुणी गळा घोटला म्हणतं, कुणी साधा व्यवहार म्हणतं. मला दोन्ही अर्धवट वाटतं. विकत घेणाऱ्याचा हेतू काय हा प्रश्न आहेच, आणि देशातल्या न्यूज चॅनेलांचे मालक कोण कोण आहेत यावर नजर टाकली तर तो प्रश्न मोठा होतो. पण दार २००९ सालीच उघडं ठेवलेलं होतं. ज्याला संभाव्यता कळते, ज्याने आयुष्यभर 'असं झालं तर किती जागा आणि तसं झालं तर किती' हेच केलं, त्या सीएने तो कागद वाचताना कुठली टक्केवारी धरली असेल, हे मला विचारायला फार आवडेल. कदाचित दुसरा पर्याय नसेल. २००८ च्या मंदीनंतर शेअर पडलेले, बँकेचं व्याज चालू. प्रॉडक्शन बंद पडलेलं असताना जो पॅच हाताला लागेल तो आपणही टाकतोच की, आणि तो पुढे किती वर्षं तसाच राहतो ते सांगायला नको.

रॉय २०२४ मध्ये परत आले, 'डिकोडर' नावाच्या वेबसाइटवर. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, स्टुडिओचा झगमगाट नाही, तोच हळू आवाज. बघून घ्या कधीतरी, दीड पट वेगाने लावू नका मात्र.

आणि या वीकेंडला वाचायला काही नसेल तर त्यांनी दोराब सोपारीवालांबरोबर लिहिलेलं 'द व्हर्डिक्ट' घ्या, २०१९ चं आहे. सरकारं कुठल्या काळात परत निवडून यायची आणि कुठल्या काळात पडायची याचे त्यांनी तीन कालखंड पाडले आहेत, ते वादासाठी उत्तम आहे, आपल्या कट्ट्यावर एक संध्याकाळ आरामात जाईल. पण आधी मतदार यादीत नसलेल्या बायकांबद्दलचा भाग वाचा. मतदानाच्या वयाच्या बायका किती असायला हव्यात आणि यादीत नावं किती आहेत, अशी साधी वजाबाकी केली आहे. उत्तर येतं २ कोटी १० लाख. मी ते ५४३ ने भागून पाहिलं. मतदारसंघामागे ३८ हजारांच्या वर पडतात.